पूर्वेची खिडकी आणि चिमणीचा धूर

२ मार्च, सोमवार
आई रचनाताईकडे वाईला जाऊन अकरा दिवस झाले. तिचा खोकला वीजकेंद्राच्या चिमणीमुळेच. धूर नियमात बसतो, असं गेटवरच्या फलकावर लिहिलंय. नियम आईला विचारून केलेले नाहीत. निश्चय: धूर कुठे, किती वाजता पोचतो, याचं मॉडेल स्वतः करणार. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटलं, म्हणून काय झालं? ठाण्याच्या प्रदूषण तपासणीच्या लॅबमध्ये असेच रिपोर्ट मी टाइप करतो. एकही चूक नसते (शुद्धलेखनाची).
१४ एप्रिलला, जयंतीला आई इथे असेल.

९ मार्च, सायं. ७
एक्सेलमध्ये वाऱ्याच्या नोंदींच्या चार हजार ओळी. दुपारी समुद्राचा वारा सुरू होतो. दिशेच्या रकान्यात आकडा २७० अंश, म्हणजे पश्चिम. चिमणी आमच्या पूर्वेला. म्हणजे धूर पश्चिमेला, थेट आमच्या खोलीत. सिद्ध.
पूर्वेच्या खिडकीच्या काचेभोवतीच्या फटी जानेवारीतच एम-सीलने बंद केल्या होत्या. तरी आई गेली. म्हणजे एक थर अपुरा. आज दुसरा दिला.

१८ मार्च
गच्चीवरून पडताळणी. धूर उलटा, पूर्वेला विठ्ठलवाडीकडे जाताना दिसला. दिसते ती वाफ असणार. खरे कण दिसत नाहीत. बोळापलीकडच्या खोलीतल्या मालनमावशींनीही खाली भेटल्यावर तेच सांगितलं, की धूर आपल्याकडे येतच नाही. त्यांना वीस मिनिटं समजावलं. त्या म्हणाल्या, दूध उतू जाईल.

२६ मार्च
आईचा फोन. तिला सांगितलं, धोका दुपारी एक ते सहा, बाकी वेळ खोली उत्तम. तिने विचारलं, मालन कशी आहे. म्हटलं, त्या मॉडेलमध्ये नाहीत.
भात अजून दोघांचाच शिजतो. मोजमापात सुधारणा हवी.

२ एप्रिल
सहा पानी रिपोर्ट हरिहर सरांच्या टेबलावर ठेवला. लॅबमध्ये मॉडेलिंग तेच बघतात. बहुधा मला त्यांच्या केबिनमध्ये बसायला बोलावतील. इस्त्रीचे दोन शर्ट बाजूला काढून ठेवलेत.

८ एप्रिल
सरांनी पाच मिनिटं दिली. शुद्धलेखन फार छान आहे म्हणाले. मग म्हणाले की रकान्यात वारा जिथून येतो ती दिशा लिहितात, जातो ती नव्हे. २७० म्हणजे समुद्राकडून आलेला. सगळं मॉडेल १८० अंशांनी उलटं. दुपारचा धूर आमच्यापासून लांब जातो.
चहा घेतला नाही.
जमेची बाजू: खोली आधीपासूनच सुरक्षित आहे. आता आईला न येण्याचं कारणच उरलेलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार, सायं. ५
जयंती. खाली सगळी चाळ निळी. बेंजो सुरू आहे. मी वरच. आईला फोन करून सांगितलं की धूर येतच नव्हता, आकडे आहेत, ये. खोकला वाईलाही आहे म्हणाली. मग म्हणाली:
"धुरामुळे नाही आले रे मी इकडे, सम्यक. दिवसभर त्या खिडकीतनं मालनशी बोलायचे. तू ती बुजवलीस. आणि तू घरी आलास की चिमणीचंच बोलायचास."
जेवलास का, विचारलं. हो म्हटलं.
निश्चय: खिडकी आज, आत्ता उघडणार.

सायं. ६.४०
स्क्रू-ड्रायव्हर वाकला. दोन थर आहेत, आणि मी लावलेले आहेत. फट कुठेच नाही.
बोळापलीकडे मालनमावशी त्यांच्या खिडकीत आल्या. काचेतून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ बोलत होत्या.
ऐकू आलं नाही.