गोळ्या जोडीदाराकडे

३ नोव्हेंबर
लष्करी तळावर रुजू झाले. शस्त्रदुरुस्तीची खोली छान आहे; उजेड भरपूर, पाने-पकडी जागच्या जागी. दादा इथेच चार नंबरच्या मनोऱ्यावर पहारेकरी. पहिल्याच चहाला त्याने सगळ्यांना बजावलं, ही माझी धाकटी बहीण, हिच्यासमोर रायफल वेडीवाकडी धराल तर कान उपटेल.

५ नोव्हेंबर
इथली पद्धत अजब. पहारा जोडीने, रायफल एकाकडे, गोळ्या जोडीदाराकडे, सीलबंद पाकिटात. धोका दोघांनाही दिसला तरच पाकीट फोडायचं. मी वेळ मोजली. पहिली गोळी सुटायला एकवीस सेकंद. तेवढ्यात दादा मेलेला असेल. शस्त्रागाराचे म्हातारे हवालदार म्हणाले, मॅडम, धुक्यात कुंपणाबाहेर जे येतं ते दोघांना एकदम कधीच दिसत नाही, म्हणून तर ही पद्धत. मी वाद घातला नाही. अहवाल लिहिला.

११ नोव्हेंबर
अहवाल मंजूर. प्रत्येक रायफलीत दहा गोळ्या मी स्वतः मोजून भरल्या. दादा म्हणाला, इतके दिवस नुसतं बुजगावणं होतो. हवालदारांनी सही करायला नकार दिला.

१४ नोव्हेंबर
सकाळपासून धुकं. दोन नंबरच्या पहारेकऱ्याला कुंपणाबाहेरून आपलाच जोडीदार चालत येताना दिसला. खरा जोडीदार तर शेजारी उभा. म्हणून त्याने बाहेरच्यावर गोळी झाडली. मेला शेजारचा. जखम छातीत, समोरून. मी नळीची दिशा दोनदा मोजली. जुळत नाही.

१५ नोव्हेंबर
गोळ्या परत मागवल्या. चार नंबरने दिल्या नाहीत. दादा म्हणतो, मला बाहेर कुणीतरी दिसतंय, जोडीदाराला दिसत नाही. कोण, ते सांगेना.

१६ नोव्हेंबर, दुपार
धुकं तसंच. दादाचा फोन. विचारतो, छकुले, तू कुंपणाबाहेर काय करतेस?
मी म्हटलं, मी खोलीत आहे. टेबलापाशी. लिहितेय.
तो हळूच म्हणाला, म्हणजे ती तू नाहीसच. घाबरू नकोस, हिला मी बघतो.
खरं सांगायला नको होतं — मी ओरडतेय, झाडू नकोस — त्याने फोन खाली ठेवलाय, ऐकत नाही —

आवाज झाला.
खिडकी शाबूत. दार बंद. माझ्या खांद्यामागच्या कपाटाला भोक.

नऊ उरल्या. दादाचा नेम दुसऱ्यांदा कधी चुक—