जिवंत कोषाचं वजन

२४ मार्च २०२०
आजपासून रोज लिहायचं. यशस्वी शेतकऱ्याचा रेकॉर्ड पाहिजे. पेन रेणुकाचं, नर्सिंगचा फॉर्म भरायला आणलेलं. तोवर मी वापरतो.

रेशमाच्या सगळ्या अळ्या कोषात गेल्या. महिनाभर तुतीचा पाला बायकोने, जयवंताने टाकला, पण प्लॅनिंग माझं. या कोषांवर पोरीचं नर्सिंग पक्कं.

रात्री टीव्हीवर लॉकडाऊन. जालन्याचं कोष मार्केट बंद म्हणे. चार दिवसांत उघडतंय.

२७ मार्च
कोष काढले. टणक, पांढरेशुभ्र. जयवंता म्हणाली, आवो, जल्दी उन्हात टाका, आतला किडा मरू द्या, न्हाई तं पाखरू कोष फोडून बाहेर येईन. बाईला व्यवहार कळत नाही. किडा वाळला की वजन घटतं, आणि भाव किलोवर! बिलकुल वाळवणार नाही.

२९ मार्च
शेजारच्या सुग्रीवने पत्र्यावर कोष वाळत घातले. निम्म्याहून जास्त वजन गेलं बिचाऱ्याचं. मी हसलो. तो म्हणाला, अंगददादा, तू हसून राह्यला, पण किड्याला लॉकडाऊन कळत न्हाई. जळतो माझ्यावर.

३१ मार्च
कोषाचं पोतं घेऊन मोटारसायकलवर निघालो. नाक्यावर हवालदार म्हणाला, दूध-भाजी सोडतो, रेशीम कोण खातं? वर पायावर दांडका. घरी सांगितलं, गाडी स्लिप झाली.

१ एप्रिल, रात्री
जयवंताने चोरून चुलीवर पातेलं चढवलं, कोषांना वाफ द्यायला. मी उतरवलं. रेणुका म्हणाली, बाबा, आईचं एकदा तरी ऐका. पोरी शिकल्या की अशा बोलतात. तरी शिकवणारच.

३ एप्रिल
खोलीभर पाखरं. पांढरी, जाडजूड. नुसती फडफडतात, उडता येत नाही. कोषांना भोकं. तुटक्या धाग्याला कोण विचारतो? जयवंता उंबऱ्यात बसून रडली. मला तिचा राग आला. मग कुणाचा आला, ते कळेना.

रेणुका झाडत होती. मी म्हटलं, पुढची बॅच बघ तू. ती म्हणाली, बाबा, पाय उचला.

४ एप्रिल
डोकं दुखतं. उद्या लिहू.

२० जून
बऱ्याच दिवसांनी वही उघडली. मार्केट सुरू झालं. सुग्रीवचे वाळलेले कोष गेले. भाव पडलेला, पण गेले.

रेणुका त्याच्याच शेडवर पाला टाकायला रोजाने जाते. गावात विचारलं तर सांगायचं, मीच ट्रेनिंगला पाठवलंय.

पेन अजून चांगलं चालतं. परत मागितलं नाही तिने.