पाहुण्याला आतल्या खोलीत बसवण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
यंत्रजोडणी व विद्युत सुरक्षा कक्ष (जिल्हा रुग्णालये),
आपिया.

अर्जदार : मतालेना सेउपुले, प्रभारी परिचारिका, फागालेलेई जिल्हा रुग्णालय, सवाईई बेट.

विषय : सर्व्हर यंत्र पाहुण्यांच्या घरातून रुग्णालयाच्या खोलीत हलवून, सील काढून, येत्या शुक्रवारपूर्वी सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ :
१) आपले पत्र, "तपासणी होईपर्यंत यंत्र जागचे हलवू नये."
२) आपले पत्र, "यंत्र नेमून दिलेल्या खोलीत असल्याखेरीज तपासणी करता येणार नाही."
३) माझे यापूर्वीचे अर्ज. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

सविनय अर्ज करते की, संदर्भ १ व संदर्भ २ ही पत्रे आपण एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींवर सही आपलीच आहे. मी ती इतक्या वेळा वाचली आहेत की आता मला माझ्याच डोक्याची शंका येते. तरी हकीकत पहिल्यापासून सादर करते.

१. आपल्या कक्षाने आमच्या रुग्णालयास रॅकमध्ये बसवायचा एक सर्व्हर पाठविला. त्याबद्दल आभार पूर्वी मानले आहेत, पुन्हा मानते. हृदयतपासणीच्या यंत्रावर घेतलेली चित्रे समुद्रापलीकडे राजधानीत, आपियाच्या डॉक्टरांपर्यंत या सर्व्हरमधूनच जातात, दुसरी वाट नाही. सोबत सूचनांचा कागद होता. दोघांनी मिळून उचलावा, रॅक जमिनीला बोल्टने पक्का करावा, आधी अर्थिंग आणि मगच वीज, विजेच्या दोन तारा दोन वेगळ्या लाइनींवर, पुढे-मागे हवेला जागा मोकळी. मी तो कागद वाचला होता. गावाने वाचला नव्हता, आणि गावाला गरजही वाटली नाही, कारण पाहुणा कसा बसवायचा हे फागालेलेईला कोणी शिकवायला नको.

२. यंत्र नेमून दिलेल्या खोलीत, म्हणजे औषधांच्या कोठारामागच्या बंद खोलीत, नेण्यास निघाले असता गावचे थोरले मुखिया उलुतोगिआ आडवे आले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते, सुधारून लिहिले तर खोटे होतील. "पोरी, सरकारनं एवढ्या लांबून पाहुणा धाडला आणि तू त्याला गोळ्यांच्या खोक्यांमागं कोंडतेस? उद्या आख्खं आपिया आपल्या तोंडात शेण घालील."

मी म्हटले, "आबा, ते यंत्र आहे."

ते म्हणाले, "असू दे. आलंय तर फेरीबोटीनंच ना?"

यंत्र चारही बाजूंनी उघड्या, समुद्राकडे तोंड असलेल्या पाहुण्यांच्या घरात नेऊन मानाच्या खांबाशी बसविण्यात आले. पाठ खांबाला टेकवून, कारण मानाचा माणूस खांबाला टेकूनच बसतो. या यंत्राची गरम हवा पाठीतून बाहेर पडते, हे मी दोनदा सांगितले. मला कोको करायला पाठविण्यात आले.

३. वीज पाद्रीसाहेबांच्या घरून एकाच लांब तारेने, एकाच बोर्डावर आणली होती. त्या बोर्डावर ध्वनिक्षेपक, त्यावरच पाण्याची मोठी किटली, आणि सर्व्हरच्या दोन्ही ताराही त्यावरच. अर्थिंगच्या नावाने शंख. त्यात महिला समितीच्या अध्यक्षा फालेनाओतीबाई म्हणाल्या, "मानाच्या पाहुण्याला असं उघडं बोडकं बसवतात का गं?" आणि त्यांनी उलुतोगिआ यांच्या कुळाची बारीक विणीची चटई, जी लग्नात आणि मयतातच बाहेर निघते, ती यंत्रावर पांघरली. वर फुलांच्या माळा.

मुखियांनी "चालू करा" म्हटले. हिरवे दिवे लागले, टाळ्या झाल्या. थोड्याच वेळात आतले पंखे घोंघावू लागले आणि आवाज चढत गेला. तेव्हा गावचे वक्ते फाओलोतो काठी टेकून उभे राहिले व म्हणाले, "शांत बसा. पाहुणे उत्तराचं भाषण करतायत." पाहुण्याचे भाषण चालू असता उठू नये, बोलू नये, ही आमची रीत आपण जाणताच. अख्खे गाव माना खाली घालून ऐकत राहिले. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजले, "आपल्या फाओलोतोपेक्षा बरं बोलतोय."

मला करपल्याचा वास आला म्हणून मी उठले. मुखिया म्हणाले, "खाली बस." मी बसले नाही. चटई ओढायला हात घातला तर यंत्राच्या पत्र्याचा असा झटका बसला की हात खांद्यापर्यंत बधिर झाला. बोर्डाचा खटका दुसऱ्या हाताने पाडला. पाहुण्याचे भाषण तोडल्याबद्दल गावसभेने मला एक डुक्कर दंड केला. तो मी भरला आहे, भत्त्यात मागत नाही.

४. यानंतर आपल्या कक्षाचे तंत्रज्ञ आले. वीज घेणाऱ्या दोन पेट्यांपैकी एक जळाली आहे, दुसरी शाबूत आहे, आणि एकीवरही यंत्र चालते, असे त्यांनी सांगितले. दोन देतात त्या त्याचसाठी. त्यांनी लाल सील लावले, उमूतले, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीत भाजलेले, डुक्कर जेवले (माझ्याच दंडाचे), "वरून हुकूम आला की सुरू करा" म्हणाले आणि बोट पकडून गेले. वरून हुकूम आला नाही. वरून संदर्भ १ आला, आणि तो पाळत असतानाच संदर्भ २ आला.

खोलीत नेल्याशिवाय तपासणी नाही, तपासणीशिवाय खोलीत नेणे नाही. सुरक्षेचा नियम म्हणून आपण ते यंत्र गावातल्या सगळ्यात असुरक्षित जागी, खाऱ्या वाऱ्यात ठेवविले आहे. पाहुण्याला एकटे सोडायचे नसते म्हणून बायका पाळीपाळीने तेथे बसतात. वारा फिरला की झावळ्यांचे पडदे खाली सोडतात. फालेनाओतीबाई तर विणलेल्या पंख्याने त्याला वारा घालतात. मी म्हटले, "बाई, ते बंद आहे."

म्हणाल्या, "मग काय झालं? आजाऱ्याला जास्तच घालावा लागतो."

मी पूर्वी यावर हसले असते. आता मीही दुपारी जाऊन घटकाभर घालून येते.

५. आता मूळ मुद्दा. तो सर्वांत आधी लिहायला हवा होता, पण हात धजत नव्हता. लुपे ही उलुतोगिआ यांची नात. घसा दुखून आलेला ताप तिच्या हृदयावर उलटला आणि झडप खराब झाली. न्यूझीलंडचे शल्यचिकित्सक वर्षातून एकदा येतात. कोणाची शस्त्रक्रिया करायची ते चित्रे पाहून ठरवितात, आणि त्यांची यादी या शुक्रवारी बंद होते. यादीत नाव आले तर रुग्णाला न्यायला विमान मिळते. नाव नसेल तर काही मिळत नाही.

लुपेची चित्रे काढून तयार आहेत. ती आमच्या तपासणीयंत्रात आहेत आणि सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत आहेत. ती पेनड्राइव्हवर घालून बोटीने पाठवू का, असे विचारले असता, रुग्णाची माहिती खिशातून नेण्यास मनाई असल्याचे कळविण्यात आले. मग लुपेलाच घेऊन निघाले, तर सालेलोलोगाच्या धक्क्यावरच तिचे ओठ निळे पडले आणि बोटवाल्यांनी चढू दिले नाही. बरोबरच केले त्यांनी. आपल्या कार्यालयात फोन केला तर एका सभ्य आवाजाने सांगितले की डॉक्टर पुढच्या वर्षी पुन्हा येणारच आहेत. महोदय, मी रोज त्या पोरीच्या छातीला नळी लावते. पुढचे वर्ष मला तिच्यात ऐकू येत नाही. रुग्णालयाच्या दोन पायऱ्या चढताना ती आता मध्येच बसते.

६. हे सर्व उलुतोगिआ यांना सांगणे माझ्याकडे आले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तेव्हा तुला त्याला खोलीत नेऊ दिलं असतं तर?"

मी म्हटले, "तर चित्रं केव्हाच गेली असती, आबा."

ते उठून गेले. जेवले नाहीत. मी खोटे बोलायला हवे होते की काय, हे मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः त्या खोलीतली खोकी बाहेर काढू लागले. मुखियाने खोकी उचललेली आमच्या गावाने पाहिली नव्हती, मग सगळेच धावले. परवानाधारक वायरमनकडून रॅक जमिनीला बोल्टने आवळून घेतला, दोन लाइनी वेगवेगळ्या खटक्यांवरून आणल्या, मागे माणूस आडवा फिरेल इतकी जागा सोडली. अर्थिंगपाशी अडले. आमची जमीन म्हणजे काळा लाव्हा, सळई कुठेच उतरेना. मऊ, पाणी धरणारी माती गावात एकाच ठिकाणी, ती म्हणजे रुग्णालयाच्या भिंतीलगत मुखियांच्या घराण्याच्या कबरींपाशी. तिथे ठोका म्हणायची कोणाची छाती होईना. उलुतोगिआ आपल्या बायकोच्या कबरीच्या उशाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथं ठोका. जन्मभर माझा राग हिनंच पोटात घेतला, विजेचाही घेईल." सळई उतरली. वायरमनने मोजून पाहिले, अर्थिंग उत्तम आहे. दाखला जोडला आहे.

७. तरी मागणे एवढेच की, यंत्र पाहुण्यांच्या घरातून खोलीत नेण्यास व शाबूत पेटीवर सुरू करण्यास एका सहीने परवानगी द्यावी. अंतर असे की इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाते. उचलायला माणसे तयार आहेत, आणि या वेळी कोणी माळ घालणार नाही, हे फालेनाओतीबाईंनी बायबलवर हात ठेवून सांगितले आहे. सील आम्हालाही काढता आले असते, नख लावले की निघेल. पण सील तोडून सुरू केलेल्या यंत्राला आपिया आपल्या बाजूने जोडून घेत नाही, आणि तोही हुकूम आपलाच. म्हणजे कुलूप आपले, किल्ली आपली, आणि दाराबाहेर आमचे लेकरू.

चूक आमची झाली. मी ती नाकारत नाही, गावही नाकारत नाही. जी शिक्षा असेल ती लुपेचे नाव यादीत गेल्यावर द्यावी. माझी बदली करा, पगार कापा. मला आता लाज उरलेली नाही.

८. शेवटचे. हा अर्ज टपालाने पाठविलेला नाही. उलुतोगिआ तो घेऊन स्वतः बोटीने येत आहेत. मी त्यांना अडविले. म्हटले, "आबा, आपण सरकारचं काही वाईट केलेलं नाही. झालं ते लुपेचं."

म्हणाले, "लुपेनं चटई केव्हाच उचलली. उलट मलाच विचारते, आबा, तुम्ही का रडताय. आता ज्याच्या हातात सही आहे त्याच्या दारात बसतो."

रीत आपणास सांगणे न लगे, आपणही कोणत्या तरी गावचेच आहात. तथापि उद्या ही फाइल एखादा परका उघडेल, त्याच्यासाठी नोंदविते. आमच्याकडे अपराधी माणूस कुळाची चटई डोक्यावरून पांघरून, मान खाली घालून, समोरच्याच्या दारात बसतो. आतून कोणी येऊन चटई उचलली की क्षमा झाली. उचलली नाही तर तो बसून राहतो, उन्हात आणि पावसातही. उलुतोगिआ यांच्या कुळातला मुखिया आजवर कोणाच्याही दारात बसलेला नाही.

त्यांना आत येऊन खुर्चीवर बसा म्हणू नये, ते ऐकणार नाहीत. पहारेकऱ्यास हटवायला सांगू नये. खाली उतरून आपणच यावे. चटई तीच आहे जी यंत्रावर घातली होती, एका कोपऱ्याला करपल्याचा तपकिरी डाग आहे, त्यावरून ओळखू येईल. दोन्ही हातांनी उचलावी, जुनी आहे.

आपला वेळ घेतल्याबद्दल मी क्षमा मागत नाही. ती मागायला आबा निघाले आहेत.

आपली, आणि त्याहून अधिक लुपेची,

मतालेना सेउपुले
प्रभारी परिचारिका, फागालेलेई
सोमवार, प्रार्थनेच्या घंटेनंतर

सोबत :
१. आपली दोन्ही पत्रे, एकाच पानावर छायाप्रत.
२. अर्थिंगचा दाखला, वायरमनच्या सहीचा.
३. खोली व रॅक यांची छायाचित्रे. (मागची मोकळी जागा दिसावी म्हणून फालेनाओतीबाई हात पसरून उभ्या आहेत.)
४. परवानगीचा हुकूम, टंकलिखित. फक्त सही बाकी.
५. उलुतोगिआ, मूळ प्रत, आपल्या फाटकासमोर. क्र. ४ वर सही होताच कृपया परत पाठवावी. नात वाट पाहत आहे.