डोंगराचे नाव आणि नानांचे मिश्रण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, धंदा वार्ताहरकी, बुद्धी शाबूत (संपादकांचे मत वेगळे असल्यास त्यांनी ते लेखी कळवावे), कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "बाई, काळजीचं काही कारण नाही." इतकी वर्षे बातम्या लिहून मला एवढे कळते, की हे वाक्य ज्याला ऐकवले जाते त्याने कागदपत्रे पुरी करून ठेवावीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. कॉफीच्या भट्टीमागच्या माझ्या राहत्या दोन खोल्या धाकट्या भावाच्या पत्नीस, म्हणजे माझ्या भावजयीस, द्याव्यात. त्या भाड्याने देऊ नयेत. सबंध घरात तिला दार लावून स्वस्थ बसता येईल अशी एकही जागा नाही, हे मी पाहत आले आहे.

कलम २. संस्कृत ग्रंथ शाळेच्या वाचनालयास. माझी पदवी संस्कृतची आणि नोकरी बाजारभावांची. या दोहोंतील संबंध मला अद्याप सापडलेला नाही. शाळेस सापडल्यास मला कळवण्याची तसदी घेऊ नये.

कलम ३. माझी लाल पेन्सिल संपादकांना. माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद कापण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. या लेखनाचा शेवटचा परिच्छेद त्यांना कापता येणार नाही, याचे मला फार समाधान वाटते.

कलम ४. बँकेतील शिल्लक आधी इस्पितळास. उरली तर भाचीच्या शिक्षणास. न उरल्यास भाचीने इस्पितळातच शिकावे.

कलम ५. वडिलांचा, म्हणजे नानांचा, लाकडी शिक्का. त्यावर आमच्या डोंगराचे नाव कोरलेले आहे. हा शिक्का भावास नाही, तर डोंगरावरच्या कॉफी मळेवाल्यांच्या संस्थेस द्यावा. याचे कारण लिहावे लागेल. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रात कारणे लिहीत नाहीत. तथापि मी वार्ताहर आहे.

नानांनी भट्टी घातली तेव्हा डोंगरावर मळे थोडे होते. कॉफी कमी पडे, म्हणून त्यांनी बाहेरच्या बिया मिसळल्या आणि मिश्रण काळपट होईपर्यंत भाजले. गिऱ्हाइकांना ते आवडले. पुढे मळे वाढले, मिश्रण मात्र तेच राहिले. पाकिटावर डोंगराचे नाव असे, समोरच्या शिंप्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे मोठे. 'मिश्रण' हा शब्दही असे, पण खालच्या घडीवर, जिथे डिंक लागतो तिथे. नानांनी फसवले असे मी म्हणत नाही. नानांना डिंक सढळ हाताने लावायची सवय होती, इतकेच म्हणते.

नानांमागे भट्टी आम्हा दोघांची झाली. चालवतो भाऊ. मळेवाल्यांची ओरड अशी, की नाव आमचे आणि पाकिटात माल परका, मग आमच्या बियांना भाव कसा यावा? ओरड रास्त होती. मी लेख लिहिला आणि नियम मागितला: सगळ्या बिया डोंगरावरच्या असतील तरच नाव एकटे छापावे, नाहीतर डोंगराचा हिस्सा किती, ते नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, दर्शनी बाजूस लिहावे. लेख आला त्या सकाळी भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तुझी लेखणी आपल्याच चुलीत पाणी ओतते." त्यानंतर दोन वर्षे तो या खोलीत आला नाही. मधली भिंत एकच आहे. तो शिंकला की मला ऐकू येते.

या हंगामात नियम करणारे अधिकारी संस्थेच्या खोलीत चाचणीस आले. भट्टीची लेबले छापणाऱ्या छापखानेवाल्यांनी तीन पेले मांडले: एकात निव्वळ डोंगराची कॉफी, एकात भट्टीचे मिश्रण, एकात परका माल. चिठ्ठ्या पेल्यांखाली. चमच्याने सुर्रकन ओढून घ्यायचे आणि डोंगराची कॉफी कोणती ते दाखवायचे. मळेवाल्या काकूंनी मधल्या पेल्याकडे बोट केले. सगळ्या मळेवाल्यांनी केले. भावाने केले. मीही केले, आणि ऐटीत केले.

मधल्या पेल्याखाली भट्टीचे मिश्रण निघाले.

अधिकारी म्हणाले, "तुमच्या डोंगराची चव तुम्हालाच ओळखता येत नाही. मग नियम करायचा तरी कुणासाठी?"

मग काकू म्हणाल्या, "अहो साहेब, आम्ही आमचा माल प्यालोय कधी? सगळा कच्चा विकतो आणि येताना भट्टीचं पाकीट घेऊन येतो. मला आपलं वाटायचं, हीच आपली चव. आता तर कराच नियम. आम्हालाही कळू दे आमची कॉफी कशी लागते ते!"

भाऊ तोवर पहिला पेला पुन्हा पुन्हा चाखत होता. तो डोंगराचा होता. स्वतःशीच म्हणाला, "ही नीट भाजलीच नाही कुणी."

मी विचारले, "कुणी म्हणजे?"

"मी," तो म्हणाला. दोन वर्षांनंतरचे आमचे संभाषण ते एवढेच.

पण दुसऱ्या दिवसापासून भट्टीचा वास बदलला. जळका कमी, फळासारखा जास्त. नानांची आच मिश्रणाला मानवत होती. डोंगराच्या बियांची चव मात्र ती मारून टाकत होती. आठवड्याने भावजय बशी झाकलेला पेला घेऊन आली. "ह्यांनी पाठवलीय. कशी झालीय ते विचार म्हणाले, पण मी विचारलंय असं सांगू नकोस म्हणाले."

मी प्याले. एवढी वर्षे या डोंगरावर लेख लिहिले, आणि त्याची ओळख आत्ता होत होती. मी म्हटले, "चांगली झालीय म्हणून सांग. पण मी सांगितलंय असं सांगू नकोस."

नियम मंजूर झाला आहे. पुढच्या हंगामापासून लागू होईल. म्हणून नाव डोंगराकडे जावे, शिक्का संस्थेकडे.

कलम ६. भट्टीतील माझा निम्मा हिस्सा धाकट्या भावास, परंतु पुढील अटीवर: नानांचे मिश्रण बंद करू नये, कारण ते उत्तम आहे, आम्ही सर्वांनी बोट दाखवून तशी साक्ष दिली आहे, मात्र त्यास नानांचेच नाव द्यावे आणि डोंगराचा हिस्सा नियमाप्रमाणे मोठ्या अक्षरांत लिहावा. अट मोडल्यास माझा हिस्सा संस्थेकडे जाईल. वकीलबाई म्हणाल्या, "अट जरा कडक आहे. भट्टीचे दोन तुकडे होतील." मी म्हटले, "भाऊही कडक आहे."

(कलम ६ मधील 'परंतु' पासून 'जाईल' पर्यंतचा मजकूर मी स्वतः रद्द केला आहे. सही.)

कलम ७. रद्द करण्याचे कारण. आज सकाळी वकीलबाई या कागदाची पक्की प्रत वाचून दाखवत असताना भाऊ छापखानेवाल्यांना घेऊन खोलीत आला. या कागदातले अक्षरही त्याला ठाऊक नव्हते. त्याने दोन लेबलांचे कच्चे छाप माझ्यापुढे ठेवले. एकावर डोंगराचे नाव आणि 'सर्व बिया याच डोंगरावरच्या'. दुसऱ्यावर 'नानांचे मिश्रण' आणि 'पाव हिस्सा डोंगराचा, बाकी बाहेरचा'. सगळी अक्षरे सारख्याच उंचीची.

"पट्टी लावून बघ," तो म्हणाला. "तुला हौस असते."

"नानांचं नाव द्यायचं कुणी सुचवलं?"

"सुचवायचंय काय त्यात? त्यांचंच आहे ते."

मी पेन मागितले आणि अट खोडली. साक्षीला माणसे जमलेली पाहून भाऊ म्हणाला, "मीही करतो की सही." वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये." "मला काय मिळतंय?" यावर आम्ही सगळे छताकडे पाहू लागलो. मी म्हटले, "शुक्रवारी सांगते." तो खुर्ची ओढून बसला. अजून बसलेला आहे.

शुद्धीवर आल्यावर मला डोंगराची कॉफी द्यावी, हलकी भाजलेली, भावाच्या हातची. डॉक्टर नको म्हणाले तर वासापुरती.

स्थळ: भट्टीमागची खोली
दिनांक: ९ मार्च
मृत्युपत्र करणारी: वार्ताहर, नानांची थोरली (सही)
साक्षीदार पहिले: छापखान्याचे मालक (सही)
साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी (सही. दोन्ही लेबले आपल्या दुकानाच्या दारातून, चष्म्याशिवाय, पूर्ण वाचून दाखवल्यानंतर केलेली.)