सात नंबरच्या खाटेचा डोस

सोमवार, ३ जून
लागली एकदाची नोकरी! रुग्णांना मोजून औषध सोडणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिणारी छोटीशी कंपनी. टेबल खिडकीजवळ, खुर्ची मात्र कुरकुरते. साहेबांना सगळे गुरुजी म्हणतात. सी भाषेतला सगळा कोड त्यांच्याच हातचा. रुग्णाचं वजन, औषध, डोस एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एका गाठोड्यात, बांधायचे आणि व्हॉइड पॉइंटरनं पुढे धाडायचे, असं त्यांनी समजावलं. व्हॉइड पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता. तिथे कोण राहतं ते तो सांगत नाही. मला वाढवणाऱ्या आत्याला फोन केला. तिला वाटतंय, मी पाण्याचे पंप दुरुस्त करते!

गुरुवार, ६ जून
डोसचा आकडा काढून देणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, वाचलं. स्ट्रक्चर फंक्शनच्या आतच तयार होतं आणि त्याचा पत्ता बाहेर दिला जातो. फंक्शन संपलं की ती जागा कुणाचीच नाही; दुसरं कुणीही येऊन बसावं. खोटे रुग्ण घालून चाचणी घेतली. एका खाटेवर आकडे बरोबर. एकाच संगणकाला दोन खाटांचे पंप एकदम जोडले, तर अकरा किलोच्या मुलीच्या पंपावर ऐंशी किलोच्या माणसाचा डोस. गुरुजी हसले. इतकी वर्षं चालतंय, म्हणाले, नव्या माणसाला भुतं दिसतातच.

सोमवार, १० जून
तक्रारींची फाइल उघडली. तीन नर्सनी लिहिलंय, आकडा आपोआप बदलला. तिन्हींवर एकच शेरा: हाताळणीतली चूक. त्यातला एक रुग्ण घरी परतला नाही. फाइल गुरुजींपुढे ठेवली. त्यांनी दार लावलं. मग पुटपुटले, "मला माहीत होतं गं."

बुधवार, १२ जून, सकाळ
आत्या अतिदक्षता विभागात. खाट सात. वजन एक्केचाळीस किलो. पंप आमचाच. बंद करा म्हणून सिस्टरांच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, अहो, त्या औषधावरच रक्तदाब टिकलाय. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. गुरुजी फोन उचलत नाहीत.

दुपारी २.२०
आठ नंबरवर नवा रुग्ण आणला. धिप्पाड. वजन एकशे नऊ. त्याचा पंप जोडू नका म्हणून ओरडले – रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं. काचेतून बघतेय. जोडला.

२.२४
आत्याच्या पडद्यावर – वजन १०९ –
सिस्टर पाठमोऱ्या. काच बडवतेय, कुणी वळत नाही – आत्याचा हात चादरीवर – बोटं वळताहेत –
दार आतून बंद – खुर्ची उचलते, काच फोड–