कणकेत उमटलेले देव

धानोरा, ता. नंदुरबार

प्रिय चेतना,

तुझं पार्सल पोचलं. चार वर्षांनी घरी काही पाठवलंस आणि आत चिठ्ठीही नाही. नुसता बोटाच्या पेराएवढा दगडी रूळ आणि तू काम करतेस त्या संग्रहालयाचं माहितीपत्रक. हजारो वर्षांपूर्वीच्या, इराककडच्या मेसोपोटेमियातल्या मुद्रेची नक्कल म्हणे. आईला आरपार भोक दिसलं. तिने मणी समजून तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला. तिकडचे लोकही तो असाच गळ्यात घालायचे, असं माहितीपत्रकातच निघालं.

मग मी तो कणकेच्या गोळ्यावर फिरवून दाखवला आणि तिथेच फसलो. कणकेत चित्र उमटलं: एकजण आसनावर बसलेला, वर चंद्रकोर, आणि समोर एक बाई उघड्या डोक्याच्या माणसाला मनगट धरून आणतेय. देव उमटलेली कणीक आई भाजेना, गाईलाही घालू देईना. शेवटी देव्हाऱ्यात ठेवली. आता कुंकू कोणाला लावायचं? आसनावरचा आणि ती बाई, दोघांच्या डोक्यावर शिंगांचे मुकुट; ते तिला राक्षस वाटले, म्हणून तिने त्या साध्या माणसालाच लावून टाकलं.

माहितीपत्रक पुढे वाचलं तर सगळं उलटंच. शिंगं ही तिकडे देवपणाची खूण. तो उघड्या डोक्याचा म्हणजे आपल्यासारखाच कोणी. मोठ्या देवापुढे एकट्याने जायचा त्याला धीर होत नाही, म्हणून लहान देवी त्याला घेऊन जाते. आई तरी कुंकू पुसेना. आप्पा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. 'याना हात काबरं धरेल शे? काय करेल शे यानी?' याने असा काय गुन्हा केलाय, एवढं विचारून ते वाळत घातलेल्या मिरच्या उलटवायला निघून गेले.

हे तू मुद्दाम पाठवलंस का गं? तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस तेव्हा आप्पांनी तुझं नाव टाकलं आणि मी मोठा भाऊ असून तोंड उघडलं नाही. त्याची मला लाज वाटते. तुला काय म्हणायचंय, मला अजून नीटसं कळलेलं नाही.

काल जेवताना आप्पांनी मान वर न करता विचारलं, 'आखाजीले चेतनाले लेवाले कोन जाई?' अक्षय्य तृतीयेला तुला माहेरी आणायला मी जाईन म्हणालो. घास गिळून ते पुढे म्हणाले, 'जवाईले तिखं चालस का?' तुझ्या नवऱ्याला त्यांनी जवाई म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आई पदर डोळ्यांना लावून चुलीकडे वळली. तो काय खातो, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून लिहितोय. तेवढं लगेच कळव, आईने मसाला कुटायचा थांबवलाय.

तुझाच गोंधळलेला दादा,
भाग्येश