मागच्या दाढेपाशी

माय, माझ्या बाथरूममध्ये आता एक यंत्र आहे. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग हसण्यावर पदर धरला असतास. मुठीत मावेल एवढी पाण्याची टाकी, तिच्यावर एक वाकडी नळी आणि नळीच्या टोकाला सुईनं पाडावं तसं छिद्र. बटण दाबलं की त्यातून पाण्याची बारीक धार सुटते, धडधडत, इतक्या जोरात की बोटावर घेतली तर टोचते. ती धार दातांच्या फटींमधून आणि हिरड्यांच्या काठाकाठानं फिरवायची. ब्रश जिथे पोचत नाही तिथलं अडकलेलं अन्न ती बाहेर काढते. याला वॉटर फ्लॉसर म्हणतात. मी रोज सकाळी त्यात कोमट पाणी भरते, बेसिनवर वाकते, आणि रोज सकाळी तू आठवतेस.

तीस वर्षं झाली, मी तुझी गोष्ट स्टेजवरून सांगते आहे. कारखान्याच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरच्या मैदानात सांगितली, दुर्गच्या कॉलेजांमध्ये सांगितली, बायांच्या मेळाव्यांत तर कितीदा. लोक गप्प होतात, बाया डोळे पुसतात. त्या गोष्टीत एक वाक्य खोटं आहे. ते आजवर कोणाला कळलं नाही, कारण खरं काय झालं ते दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक तू होतीस.

माझ्या डाव्या बाजूच्या दोन दाढा गेल्या. तिथे ब्रिज बसवला आहे, म्हणजे शेजारच्या दातांना धरून टाकलेला कृत्रिम दातांचा पूल. त्याच्याखाली अन्न अडकायचं, हिरडी सुजायची. दुर्गला एक डॉक्टर मुलगी आहे, माझ्या पोरीच्याच वयाची. तिनं माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, "आंटी, खुद देखिए. ब्रश से ऊपर-ऊपर का साफ होता है, बीच का रह जाता है." मी पाहिलं. आयुष्यभर याच तोंडानं बोलले, माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेला, आणि हे तोंड आतून कसं दिसतं ते मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहत होते. तिनं जीभ उचलायला लावली, गालाच्या आतून बोट फिरवलं, सगळे कोपरे तपासले. मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं दुखतंय. "बस हो गया, आंटी, हो गया," ती म्हणत राहिली.

यंत्र माझ्या पोरीनं आणून दिलं. जवळच जुनवानीला राहते ती, नोकरी करते, माझ्याशी मराठी सुरू करते आणि हिंदीत संपवते. पहिल्या दिवशी मी सरळ उभी राहून, तोंड उघडं ठेवून बटण दाबलं, तेही सगळ्यात जोराच्या धारेवर. आरसा, भिंत, माझा चष्मा, दारात उभी असलेली पोरगी, सगळं भिजलं. "मम्मी, अगं आधी नोजल तोंडात, मग बटण! बाढ़ ला दी तुमने!" ती हसून हसून खाली बसली. मग तिनं शिकवलं. सुरुवात हळू धारेवर करायची. वाकायचं. ओठ थोडेसेच मिटायचे, पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्यायचं, गिळायचं नाही. मागच्या दाढेपासून सुरू करून एकेक फट घेत पुढे यायचं. "और ब्रश बंद नहीं करना," तिनं दम दिला. "नाहीतर तू म्हणशील, आता मशीन आहे."

पहिले काही दिवस बेसिनमध्ये पडणारं पाणी गुलाबी होतं. सुजलेल्या हिरड्यांतून सुरुवातीला थोडं रक्त येतं, थांबलं नाही तर या, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. तरी मी नळ सोडून ते पाणी घाईघाईनं घालवलं. कारण ते मी आधी पाहिलं होतं, आपल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी. तू चूळ भरतेस, थुंकतेस आणि लगेच तांब्यानं पाणी ओततेस. पाणी मोरीकडे जातं, काळपट आणि त्यात थोडं गुलाबी. मी दारात वेणी घालते आहे. तू मागे वळून पाहतेस, मी मान फिरवते.

गुडाखू तुला इथेच लागला. भंडाऱ्याच्या आपल्या गावात तुला तो ठाऊकही नव्हता. बाबांना इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी लागली, तू लग्न होऊन या सेक्टरमध्ये आलीस, आणि पहिल्याच वर्षी तुझी दाढ ठणकायला लागली. बाबा शिफ्टवर, दवाखाना कुठे आहे हे तुला माहीत नाही, भाषा येत नाही. शेजारच्या छत्तीसगढी बाईनं तिच्या डबीतला काळा चिकट गुडाखू तुझ्या बोटावर दिला आणि घासायला सांगितलं. तंबाखू आणि गुळाचा तो लगदा. डोकं गरगरलं, पण दाढ बधिर झाली. हे तूच मला सांगितलं होतंस, भाजी निवडता निवडता. "दुखनं गेलं नाई वं," तू म्हणाली होतीस, "पन मले कळेनासं झालं." मग सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, मग बाबा शिफ्टला निघाले की एकदा. दात काळे होत गेले. तू हसताना तोंडापुढे पदर धरायला लागलीस.

आज मी याच विषयावर बोलते तेव्हा माझा आवाज चढतो. पाण्याला हात लावायचा हक्क ज्यांना लढून घ्यावा लागला, त्यांची आपण लेकरं. दातही शरीरातच असतात हे गरिबाला कोणी सांगत नाही. त्याच्या दुखण्यावर टपरीवरची डबी सगळ्यात आधी पोचते, आणि मग त्या डबीसाठी दोषीही तोच ठरतो. हे मी बोलते आणि टाळ्या पडतात. पण एकोणिसाव्या वर्षी मी हे बोलत नव्हते, माय. तेव्हा मी तुला दोषी ठरवलं होतं.

चौदा एप्रिलच्या जयंतीची भाषणं होती. विषय व्यसन. आपलं अख्खं सेक्टर मैदानात, सगळे पांढऱ्या कपड्यांत. तू पहिल्या रांगेत, बाबा मागे पुरुषांमध्ये. मी घरी पाठ केलेलं सोडून दिलं आणि म्हणाले, "दुसऱ्याचं घर कशाला? माझ्या घरात येऊन पहा. माझ्या घरात सकाळ गुडाखूच्या डबीनं उघडते. जिनं मला बोलायला शिकवलं, तिचं तोंड या विषानं काळं झालं आहे!" टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. मी तुझ्याकडे पाहिलं. तूही टाळ्या वाजवत होतीस. शेजारच्या बाया तुझ्याकडे बघत होत्या आणि तू टाळ्या वाजवत होतीस. त्या थांबल्यावर तू पदर ओढून घेतलास.

घरी बाबांनी माझी पाठ थोपटली. तू पोळ्या लाटत होतीस. मी चुलीच्या उजेडात तुझा चेहरा शोधत होते, असं लिहिलं तर छान दिसेल, पण आपल्याकडे तेव्हा गॅस आला होता आणि मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते. तूच बोललीस. "आवाज चांगला पुरला तुया. पाठीमांगच्या लोकाइलेबी आयकू आला." आणि पोळी उलटवून म्हणालीस, "माह्या तोंडाले टाळ्या पडल्या आज. अशी कोन हाय सेक्टरमंदी?" बाबा हसले. मीही हसले. मला वाटलं, तुलाही हसू आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी तू आजारी पडलीस, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोंडाचा कॅन्सर जबड्यापर्यंत पसरला होता. शेवटचे महिने तू पातळ पेज नळीनं घेतलीस आणि पाटीवर लिहून बोललीस. तू दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं मोठी आणि एकेक सुटी. "लाईट बंद कर." "बाबाले जेवाले दे." तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. तू गेलीस त्यानंतर नकाशा बदलला, कॉलनीतली झाडं वाढली, शेजारची रिसाली शेतातून शहर झाली, बाबाही गेले. आणि मी वक्ता झाले. माझ्या गोष्टीतलं ते वाक्य असं आहे: "माझ्या आईनं शरमेपायी आपलं दुखणं आमच्यापासून लपवलं." इथे मी थांबते. किती वेळ थांबायचं ते मला माहीत आहे. मग म्हणते, "बायांनो, लपवू नका. दाखवा."

गेल्या आठवड्यात पोरगी घरी आली. मी तक्रार केली की ब्रिजच्या मागे धार नीट जात नाही, काहीतरी टोचतं. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ करो. और बड़ा. जीभ खाली." मी तोंड मिटायला लागले. सकाळची वेळ होती, मी अजून ब्रशही केला नव्हता. "राहू दे गं, घाण असेल," मी म्हणाले. "तो?" ती म्हणाली. "तुझंच तोंड आहे ना." आणि ती वाकून पाहत राहिली, नाकासमोर, निवांत, भाजीत खडा शोधावा तशी. "मिल गया. मेथीचं पान आहे. अशी तिरकी धर नळी." तिनं माझा हात धरून नळी वळवली, धार लागली, पान बाहेर पडलं. ती चहा ठेवायला गेली. मी बेसिनला धरून उभी राहिले.

कारण तू आली होतीस, माय. त्या जयंतीच्या पुढच्या वर्षी, एका दुपारी, बाबांचा शिफ्टचा टॉर्च हातात घेऊन. मी स्वयंपाकघरात ताटं बाजूला सारून भाषणाचे कागद पसरले होते. तू म्हणालीस, "जरा पाहून दे वं. मांगच्या दाढेपाशी काईतरी हाय. जिभेले लागून राहिलं." आणि तू टॉर्च माझ्याकडे धरून तोंड उघडलंस. माझ्यासमोर, पदर न घेता. मी कागदावरून डोकं थोडंसं उचललं आणि म्हणाले, "आधी ती डबी फेक. मग पाहीन." तू आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिलीस, तोंड उघडं ठेवून, कदाचित मी मस्करी करते आहे असं वाटून. मग मिटलंस. "बरं, राहू दे मंग. तू कर तुयं काम." टॉर्च तू खिळ्याला परत अडकवलास. डबीही तू फेकली होतीस, त्याच आठवड्यात. मला येऊन सांगितलं नाहीस, मला मोरीजवळ सापडली. मी उचलून कचऱ्यात टाकली आणि जिंकल्यासारखं वाटून घेतलं. पाहीन म्हटलं होतं, ते पाहिलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस.

तू काहीही लपवलं नव्हतंस. तू दाखवायला आली होतीस.

येत्या रविवारी रिसालीच्या विहारात बायांसमोर बोलायचं आहे. विषय पुन्हा तोच. कागद काढून बसले होते आणि त्याच्यावर हे लिहीत गेले. हे तिथे वाचेन की नाही, मला सांगता येत नाही. ते वाक्य तेवढं खोडलं आहे. त्याच्या जागी काय म्हणायचं ते अजून सुचलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे पुढचं वाक्य नाही.

पण एक तुलाच सांगायचं राहिलं, ते तिथे तर नाहीच सांगणार. "आधी डबी फेक" हे मी इतकी वर्षं स्वतःला माझं तत्त्व म्हणून सांगत आले. कठोर होते, पण तत्त्वाची होते, असं. तसं नव्हतं, माय. तू तोंड उघडलंस आणि मला वास आला. म्हणून मी कागदाकडे पाहिलं.